गांगुर्डे यांच्या उजव्या हाताबाबत

माणसाला दोन हात असतात हे कुठल्याही सुव्यवस्थित शासनाचं मूळ गृहीतक आहे. ते आपल्यापुरतं खोटं असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी, न्यायाला धरूनच, ज्याला एक हात कमी आहे त्याच्यावर टाकलेली असते. ज्यांना दोन हात आहेत त्यांना इतर कामं असतात.

सातपूरच्या एका कॉलनीत राहणारे भिकन गांगुर्डे यांनी ही जबाबदारी व्यवस्थित पार पाडली आणि त्यांचा दिव्यांग साहाय्याचा अर्ज मंजूर झाला.

(वरचं वाक्य वाचकांनी वाचलेलं नाही. साहाय्य व पडताळणी कक्षाच्या पत्रानुसार असं काहीही घडलेलं नसून, मोबाइलवर आलेला मंजुरीचा संदेश ‘केवळ माहितीस्तव व परिणामशून्य’ होता. आपणही तसंच समजून पुढे जाऊ.)

तर, अर्ज नामंजूर झाला. आमच्या पाहणीनुसार (पाहणीत कॉलनीतली तीन घरं आणि एक पिठाची गिरणी समाविष्ट आहे) अर्ज नामंजूर झाल्यावर माणूस अडीच दिवस घरच्यांवर चिडतो, अर्धा दिवस सरकारवर चिडतो आणि उरलेलं आयुष्य झेरॉक्स काढतो. या तिसऱ्या टप्प्यात नेमकं काय करावं याचं मार्गदर्शन कुठेही उपलब्ध नाही. गांगुर्डे कुटुंबाने ते सगळं करून पाहिलं, म्हणून त्यांची हकीकत इथे जनहितार्थ देत आहोत.

प्रथम हाताविषयी. भिकन हे एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीन चालवत. चौदा वर्षांपूर्वी मशीन ठरल्या वेळी खाली आलं, आणि हात ठरल्या वेळी बाहेर आला नाही. उजवा हात कोपराच्या खालून गेला. डॉक्टरांनी तपासून सत्तर टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. (उरलेल्या तीस टक्के हाताचं काय करायचं हे दाखल्यात नव्हतं आणि भिकन यांनीही विचारलं नाही. माणूस भिडस्त आहे.)

मग चौदा वर्षं अर्ज का केला नाही, हा प्रश्न कक्षाने विचारला, तो रास्तच आहे. उत्तर असं की गरज पडली नाही. घरात विमलाबाई होत्या.

विमलाबाई म्हणजे भिकन यांच्या पत्नी, माहेर चांदवडचं. पहिल्या वर्षी त्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभ्या राहू लागल्या, आणि मग ती जागाच त्यांची झाली. भिकन यांनी डाव्या हाताने बाटली धरली की झाकण फिरवायला उजवा हात हजर. त्यांनी भाकरी धरली की मोडायला उजवा हात हजर. लग्नात आहेर देताना, बुद्धविहारात मेणबत्ती लावताना, शेजाऱ्याला जय भीम घालताना डाव्या हाताला जोडायलासुद्धा उजवा हात वेळेवर येई. कॉलनीत नवे आलेले लोक सहा-सहा महिने भिकन यांना दोन हातांचाच माणूस समजत. समज दूर होई तेव्हा ते आधी विमलाबाईंकडे बघत, मग नीट मोजत.

पण गेल्या उन्हाळ्यात विमलाबाईंचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं की हा हात सहा महिने काही म्हणजे काही करणार नाही, नाहीतर पुढे तो वर जाणारच नाही. विमलाबाईंनी मान डोलावली, आणि डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून नवऱ्याच्या खिशात ठेवली. उजव्या हाताने.

त्या संध्याकाळी मुलगी सृष्टी हिने अर्ज भरायला घेतला. (सृष्टी एका लॅबमध्ये कामाला आहे, रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवते. कुठली गोष्ट कोणाची, याबाबत ती घरात सर्वात पक्की.) कक्षाच्या साहाय्यात दरमहा काही रक्कम मिळते आणि एक कृत्रिम हात मिळतो. रकमेबद्दल घरात फार बोलणं झालं नाही. कृत्रिम हात आला की विमलाबाईंचा हात सुटणार होता, एवढाच सगळा हिशेब.

अर्ज मंजूर (झाला नाही हे आपण वर पाहिलंच) असा संदेश सोमवारी आला आणि गुरुवारी पडताळणी अधिकारी घरी येऊन हात नसल्याची खात्री करतील असं कळलं. इथे गांगुर्डे कुटुंबाच्या हातून पहिली आणि एकमेव चूक झाली. त्यांनी अधिकाऱ्याचा सत्कार केला.

नाशिक जिल्ह्यात सत्काराला कारण लागत नाही. माणूस आणि शाल एका खोलीत आले की तो आपोआप घडतो. आमच्या पाहण्यात बदली झालेल्या तलाठ्याचा सत्कार आहे, न झालेल्याचा आहे, रस्ता चुकून कॉलनीत शिरलेल्या एका पशुवैद्यकाचाही आहे. शिवाय शेजारी नवनाथ होता. नवनाथ मूळचा सायखेड्याचा, आता कॉलनीच्या कोपऱ्यावर ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो, आणि कुठल्याही घरात त्याला बोलावण्याआधी तो आलेला असतो. त्याने भिकन यांना बजावलं, ‘‘भाऊ, साहेब घरी येऊन कोरडा गेला तर बरं नाय दिसत. शाल मी आणतो. तुम्ही फक्त नारळाचं बघा.’’

अधिकारी दीपक बोरस्ते गुरुवारी अकरा वाजता आले. अकरा वाजून नऊ मिनिटांनी त्यांच्या खांद्यावर शाल होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो अवयव तपासले होते, पण त्यांच्या अंगावर शाल कोणी घातली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, सृष्टीच्या नोकरीची चौकशी केली, नारळ पिशवीत ठेवला आणि निघून गेले. हात बघायचा राहिला.

फोटो मात्र निघाला होता. फोटोत मध्यभागी बोरस्ते साहेब, समोर भिकन, कडेला नवनाथ, आणि शालीची दोन टोकं धरलेले दोन हात. डावा हात भिकन यांचा. उजवा हात विमलाबाईंचा, जो सवयीने योग्य वेळी योग्य जागी आला होता. विमलाबाई स्वतः नवऱ्याच्या मागे, शालीच्या आड झाकल्या गेल्या होत्या. (त्यांचे चौदा वर्षांतले जवळपास सगळे फोटो असेच आहेत.) नवनाथने हा फोटो साहेबांना पाठवला, कॉलनीच्या ग्रुपवरही टाकला, खाली लिहिलं, ‘भिकनभाऊंच्या हस्ते साहेबांचा सत्कार’, आणि दुकान उघडायला गेला.

एकोणीस दिवसांनी नामंजुरीचं पत्र आलं. पत्रातली भाषा इतकी स्वच्छ आहे की त्यातले मुद्दे जसेच्या तसे देणं भाग आहे:

अर्जदारास उजवा हात असल्याचे सोबतच्या छायाचित्रावरून दिसून येते.

सदर हात सुस्थितीत असून शालीसारखी वस्तू पेलण्यास समर्थ आहे.

सदर हातात सहा हिरव्या बांगड्या आहेत. अर्जदाराने काय घालावे हा त्याचा वैयक्तिक प्रश्न असल्याने कक्ष त्याबाबत कोणतेही मत व्यक्त करीत नाही.

वैद्यकीय दाखला जुना असून छायाचित्र नवीन आहे. दरम्यानच्या काळात हात आला नसेलच असे ठामपणे म्हणता येत नाही.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यातला उदारपणा वाचकांच्या लक्षात आला असेलच. आपल्याकडे इतकं पुढारलेलं कार्यालय दुसरं दाखवता येणार नाही.

आता काय करावं? सर्वसाधारण माणसाला पहिली गोष्ट सुचते ती अशी, की जाऊन हात दाखवावा. भिकन यांनीही तेच केलं. बस पकडून ते कक्षात गेले, बाही वर केली आणि लिपिक पूजा मॅडम यांच्या टेबलासमोर उभे राहिले. मॅडमनी चष्मा लावला, बाहीकडे पाहिलं, मग समजुतीने म्हणाल्या, ‘‘भाऊ, मला दिसतंय हो. पण असं हात बघून आम्ही निर्णय द्यायला लागलो तर उद्या कोणीही उठून येईल आणि हात दाखवेल.’’

भिकन यांना हे पटलं. ते बाही खाली करून घरी आले.

दुसरा टप्पा लेखी. सृष्टीने लिहिलं की फोटोतला उजवा हात अर्जदाराचा नसून त्यांच्या पत्नीचा आहे. यावर कक्षाने बावीस दिवसांनी कळवलं की हात पत्नीचा असल्यास पत्नीने सदर हातासह समक्ष हजर राहावं, म्हणजे समितीपुढे प्रात्यक्षिक घेऊन खातरजमा करता येईल. बांगड्या त्याच असाव्यात.

इथे सृष्टीला पहिल्यांदा आशा वाटली. एकदा समितीने दोघांना शेजारी बघितलं की प्रश्न मिटला. फक्त एक धोका तिच्या लक्षात आला होता. बसमध्ये ती आईच्या कानाशी लागली. ‘‘मम्मी, आज हात हळू चालव. गाठ सुटू दे, कप पडला तर पडू दे. पप्पांना एकट्याला जमत नाही हे दिसलं पाहिजे त्यांना.’’ विमलाबाई म्हणाल्या, हो. भिकनसुद्धा म्हणाले, हो. तिघांचं ठरलं.

समितीत तीन जण होते. त्यांनी भिकन यांना खुर्चीवर बसवलं, विमलाबाईंना मागे उभं केलं आणि दहा कामं दिली. बाटलीचं झाकण उघडणे. शर्टाचं बटण लावणे. केळं सोलणे. सुतळीची गाठ मारणे. फाइलला टॅग बांधणे (हे काम समितीचं स्वतःचं राहिलेलं होतं, पण यादीत होतं). मोसंबी सोलणे. चष्मा पुसणे. पाकीट चिकटवणे. कात्रीने कागद सरळ रेषेत कापणे. आणि शेवटी, चहा कपातून बशीत ओतून पिणे.

दहाही कामं चार मिनिटं दहा सेकंदांत झाली. कात्रीची रेघ इतकी सरळ होती की अध्यक्षांनी तो कागद हातात घेऊन खिडकीपाशी नेऊन पाहिला. कक्षातल्या दोन कर्मचाऱ्यांना तुलनेसाठी हीच कामं दिली तेव्हा त्यांना प्रत्येकी साडेसहा मिनिटं लागली आणि एकाच्या बोटाला कात्री लागली. भिकन यांच्या बशीतला चहा मात्र सरळ तोंडात गेला. टेबलावर एक थेंब नाही.

बाहेर जिन्यात सृष्टीने बॅग खांद्यावरून काढून हातात धरली आणि आईसमोर उभी राहिली.

‘‘मम्मी, ठरलं काय होतं आपलं?’’

‘‘ठरलं होतं गं.’’

‘‘मग?’’

‘‘ते प्यायला लागले ना. चार लोकांसमोर यांच्या अंगावर चहा सांडू द्यायचा का मी?’’

‘‘मी म्हटलं होतं हिला, सांड म्हणून,’’ भिकन म्हणाले. ‘‘डोळ्यानं खुणावलं पण.’’

‘‘पांढरा शर्ट घालून आले आणि वर सांड म्हणतात,’’ विमलाबाई म्हणाल्या. ‘‘धुवायचा कोणाला असतो?’’

परतीच्या बसमध्ये विमलाबाईंना वरचा दांडा धरता येईना. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. भिकन त्यांच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे जाऊन उभे राहिले, डाव्या हाताने दांडा धरला, आणि विमलाबाईंनी त्यांना धरलं. या कृतीची नोंद कोणत्याही यंत्रणेने घेतली नाही. कंडक्टरने तिकिटं तीनच दिली.

समितीचा आदेश महिन्याने आला. त्यातलं मुख्य वाक्य कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पाठ करावं असं आहे: ‘अर्जदाराचा उजवा हात अर्जदारापासून सरासरी नऊ इंच अंतरावर अन्य व्यक्तीस जोडलेला असल्याचे मान्य करण्यात येत आहे. तथापि सदर हात अर्जदाराची सर्व कामे सफाईने करीत असल्याने, केवळ अंतराच्या मुद्द्यावर साहाय्य देण्याची तरतूद नियमांत नाही.’

खाली पेनाने लिहिलं होतं की कात्रीचं काम विशेष उल्लेखनीय.

या टप्प्यावर बहुतेक अर्जदार थांबतात. (थांबणाऱ्यांची संख्या कक्ष ‘समाधानी लाभार्थी’ या रकान्यात लिहितो.) भिकनही थांबले असते. त्यांनी पायजम्याची नाडी एका हाताने बांधण्याचा सराव सुरू केला होता आणि दारामागे उभं राहून ते तासन्‌तास तो करत, विमलाबाईंना कळू नये म्हणून. विमलाबाईंना कळलेलं होतं. त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहत आणि हात मागे धरून ठेवत. तिसऱ्या दिवशी सृष्टीने दोघांना असं दाराच्या दोन बाजूंना उभं पाहिलं, आणि शेवटचं अपील लिहायला बसली.

नवनाथ म्हणाला की अपील कमीत कमी नऊ पानी पाहिजे, त्याशिवाय वजन येत नाही. सृष्टीने चार ओळी लिहिल्या. हात माझ्या आईचा आहे. तो दुखतो. म्हणूनच अर्ज केला आहे. कृपया फोटो नीट बघावा.

आणि सांगायला आनंद वाटतो, की समितीने तिघांना पुन्हा बोलावून फोटो नीट बघितला. बोरस्ते साहेबांनी स्वतः तो मोठा करून आणला. शालीच्या कडेला विमलाबाईंच्या पदराचा काठ दिसत होता, कोपराजवळ पोलक्याची बाही दिसत होती, आणि भिकन यांच्या शर्टाची उजवी बाही बाजूला पिन लावून दुमडलेली सरळ दिसत होती. इतकं स्पष्ट, की अध्यक्षांनी फोटो खाली ठेवला आणि काही वेळ तो उलटा करून ठेवला.

‘‘बाई, हात तुमचाच आहे,’’ ते विमलाबाईंना म्हणाले.

‘‘हो साहेब. पहिल्यापासून.’’

मात्र एक अडचण होती, आणि ती समितीची नव्हती. फोटो ग्रुपवर प्रसिद्ध झालेला होता आणि त्याखाली एकशे बारा जणांनी ‘अभिनंदन’ लिहिलेलं होतं. म्हणजे एकशे बारा सुजाण नागरिकांनी भिकन यांना दोन हातांनी शाल घालताना पाहिलं, आणि हा हात यांचा नव्हे, असं एकानेही म्हटलं नाही. यातले निम्मे तर भिकन यांना वीस वर्षांपासून ओळखतात. इतका मोठा जनमताचा पुरावा तीन माणसांची समिती कशी काय डावलणार? लोकशाही आहे.

अध्यक्षांनी वाट काढून दिली. एकशे बाराच्या एकशे बारा नकोत, एक पुरे. एका माणसाने लिहून द्यायचं की मी फोटो न बघता अभिनंदन केलं होतं. तो कागद आला की पुरावा डळमळीत होतो, आणि पुरावा डळमळीत झाला की त्याच दिवशी मंजुरी. मुदत एक महिना. त्यानंतर प्रकरण कायमचं बंद.

सृष्टी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. एकशे बारातला एक! तिने सर्वात आधी नवनाथला गाठलं. नवनाथ प्रामाणिक माणूस आहे. तो म्हणाला की फोटो त्याने पाहिला होता, पण कडेला स्वतः नीट आलोय का तेवढाच. मग लिहून दे, सृष्टी म्हणाली. नवनाथ मान खाजवू लागला. ‘‘पोरी, लिहून द्यायला माझी ना नाय. पण पुढच्या महिन्यात पतसंस्थेची निवडणूक हे. मी लोकांचं अभिनंदन न बघता करतो असं सहीनिशी बाहेर गेलं, तर मला कोण विचारील?’’ तरीही वहिनींसाठी काहीतरी केलंच पाहिजे म्हणून त्याने त्याच रात्री ग्रुपवर सविस्तर निवेदन टाकलं: भिकनभाऊंना उजवा हात नाही, वहिनींचा खांदा गेलाय, ज्यांनी फोटो न बघता अभिनंदन केलं त्यांनी कृपया तसं एका ओळीत लिहून द्यावं.

निवेदनाला भरघोस प्रतिसाद मिळाला. सकाळपर्यंत त्याखाली एकशे एकतीस जणांनी ‘अभिनंदन’ लिहिलं होतं. दोघांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिली आणि एकाने ‘ट्रॅक्टर विकणे आहे’.

कक्षाने हे एकशे एकतीस फाइलला जोडून घेतले आहेत. भिकन यांना आता एकूण दोनशे त्रेचाळीस साक्षीदारांचा हात आहे. विमलाबाईंचा हात टेबलाच्या उंचीपर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही. त्या उंचीतली सगळी कामं त्या अजून करतात.

मुदत येत्या सोमवारी संपते.

फोटोखालच्या अभिनंदनांची यादी आम्ही कक्षात बसून स्वतः पाहिली. सत्तेचाळीसाव्या क्रमांकावर तुम्ही आहात. आपण त्या ग्रुपमध्ये नाहीच, असं तुम्हाला वाटत असेल. ज्यांनी ग्रुप म्यूट केलेला असतो त्या सगळ्यांना तसंच वाटतं. तुम्ही ‘अभिनंदन’ लिहून पुढे तीन फुलंही टाकली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, बहुधा दात घासताना.

तरी उपरोक्त अभिनंदन आपण छायाचित्र न पाहता केले होते, अशा आशयाचा एका ओळीचा कबुलीजबाब, पूर्ण नाव, तारीख व सहीसह, सोमवारी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी साहाय्य व पडताळणी कक्षात समक्ष आणून द्यावा, ही नम्र विनंती. सोबत फुले जोडू नयेत.